काचपात्रांतील मासे : त्यांची निवड व निगा

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. माझ्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें बाजारांतून तीन सोनेरी मासे पिशवींत घालून आणले व शाळेच्या विज्ञानखोलीला भेट दिले. आम्हीं ते एका गोल काचेच्या भांड्यांत ठेविले. मधल्या सुट्टींत मुलें येत व कौतुकानें त्यांस पावाचा नाहीं तर मुरमुऱ्यांचा चुरा घालीत. पंधरा दिवसांत पाणी गढूळ झालें व त्यास वास येऊं लागला. शनिवारीं शाळा सुटल्यावर मीं मुलांना सांगितलें कीं, आज सर्व स्वच्छ करूं या. मुलांनीं मोठ्या उत्साहानें सर्व पाणी ओतून टाकलें, तळाची वाळू नळाखालीं खळखळून धुतली, भांडें घासून लख्ख केलें आणि नळाचें ताजें पाणी भरून मासे पुन्हां आंत सोडले. सोमवारीं सकाळीं खोली उघडली तेव्हां दोन मासे पाण्यावर आडवे तरंगत होते. तिसरा दुपारपर्यंत गेला. ज्यानें मासे आणले होते तो मुलगा बराच वेळ भांड्याजवळ उभा होता. शेवटीं तो एवढेंच म्हणाला, "सर, पाणी तर किती स्वच्छ होतें!"

त्या मुलाला मला उत्तर देतां आलें नाहीं. विज्ञानाची पदवी पदरीं असूनहि इतकी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. चूक माझी होती, मुलांची नव्हती. पुढें वाचून, जाणत्यांस विचारून व पुन्हां प्रयत्न करून जें शिकलों तें येथें लिहीत आहें. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरां दिलेलें उत्तर होय.

स्वच्छ पाणी कोणतें?

मासा ज्या पाण्यांत श्वास घेतो त्याच पाण्यांत त्याचें मलमूत्रहि पडतें. खाल्लेल्या प्रथिनांचा टाकाऊ भाग मुख्यतः अमोनियाच्या रूपानें त्याच्या कल्ल्यांवाटे बाहेर जातो. न खाल्लेलें अन्न व कुजलेलीं पानें यांपासूनहि अमोनियाच होतो. नदीच्या अफाट पाण्यांत तो विरून जातो. लहानशा भांड्यांत तो कोठें जाणार? अमोनिया माशाला विष आहे. तो कल्ल्यांना इजा करतो. परंतु पाण्याला रंग मात्र देत नाहीं. म्हणून डोळ्यांना निर्मळ दिसणारें पाणी माशाला प्राणघातक असूं शकतें.

यावर सृष्टीनेंच उपाय योजिला आहे. भांड्यांतील वाळूवर, दगडांवर, पानांवर व काचेवर कालांतरानें डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवाणूंचा थर बसतो. त्यांपैकीं कांहीं जीवाणू अमोनियाचें नायट्राइट करतात. नायट्राइटहि विषारीच आहे. माशाच्या रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति तें कमी करतें. दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्रेट थोड्या प्रमाणांत असल्यास माशाला फारसें बाधत नाहीं. कांहीं भाग पाणवनस्पति शोषून घेतात, व उरलेला आपण पाणी बदलून काढूं शकतों.

अर्धापूरच्या मुलांना हें समजण्यास कठीण जाऊं नये. केळीच्या बागेला आपले वडील युरिया देतात. युरियापासून मातींत अमोनिया होतो, आणि मातींतील अशाच जीवाणूंच्या हातून त्याचें नायट्रेट झाल्यावर केळीचीं मुळें तें घेतात. जें शेतांत तेंच काचपात्रांत. म्हणून पात्रांतून काढलेलें जुनें पाणी मोरींत न ओततां परसांतील केळीच्या आळ्यांत ओतावें. केळ तें आनंदानें पिईल.

आतां आम्हीं त्या शनिवारीं काय केलें तें पाहा. वाळू धुतली तेव्हां घाण गेली, आणि घाणीबरोबर हे अदृश्य सेवकहि गेले. शिवाय नळाच्या पाण्यांत रोगजंतु मारण्यासाठीं क्लोरीन घातलेलें असतें. आपल्याला तें हितकर, पण माशांच्या कल्ल्यांना तें भाजून काढतें. आमचे मासे बहुधा ह्या क्लोरीननेंच मेले; आणि त्यांतून वांचते तरी पुढील आठ दिवसांत अमोनियानें त्यांना गांठलें असतें. पाणी स्वच्छ होतें खरें, परंतु ती स्वच्छता आपल्या डोळ्यांची होती, माशांची नव्हती.

पिता व पुत्र

काचपात्रांत मासे व वनस्पति एकत्र ठेवून त्यांचा मेळ बसविण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–१८६७) नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें केला व १८५० सालीं त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. बारा गॅलन, म्हणजे सुमारें ५४ लिटर, पाण्याच्या पात्रांत त्यानें दोन लहान सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति ठेविली. वनस्पति प्रकाशांत प्राणवायु सोडीत व मासे तो घेत. परंतु जुनीं पानें कुजून पाणी बिघडूं लागलें. तेव्हां त्यानें तळ्यांतील गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन टाकलीं व पाणी पुन्हां निवळलें.

ह्याच वॉरिंग्टनचा त्याच नांवाचा पुत्र (१८३८–१९०७) शेतकी रसायनशास्त्रज्ञ झाला. इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथील शेतांवर त्यानें दाखवून दिलें कीं, मातींत अमोनियाचें नायट्रेट होतें तें दोन टप्प्यांनीं व जीवाणूंच्या हातून होतें. पित्यानें काचेच्या पात्रांत ज्याचा मेळ बसविला त्याचें एक मोठें कारण पुत्राला शेताच्या मातींत सांपडलें!

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. वॉरिंग्टननें ५४ लिटर पाण्यांत दोनच लहान मासे ठेविले होते. आमच्या भांड्यांत सात लिटर पाणी व तीन मासे होते.

भांडें केवढें व कसें?

लहान भांडें सांभाळण्यास सोपें असा पुष्कळ पालकांचा समज असतो. खरें पाहतां तें अधिक अवघड असतें. समजा, चिमूटभर अन्न अधिक पडलें व कुजलें. पन्नास लिटरांत त्याचें जेवढें विष होईल त्याच्या दहापट दाट विष पांच लिटरांत होईल. लहान पाणी लवकर तापतें, लवकर गार पडतें आणि लवकर बिघडतें. मोठें पाणी चूक पोटांत घालतें. लहान पाणी घालीत नाहीं. ज्यांच्याकडे जागा थोडी आहे त्यांनीं निदान वीस लिटर पाणी मावेल एवढें तरी चौकोनी पात्र घ्यावें. लांबी ४० सें.मी., रुंदी २५ सें.मी. व पाण्याची खोली २० सें.मी. धरल्यास ४० × २५ × २० = २०,००० घन सें.मी., म्हणजे बरोबर वीस लिटर होतात. पाण्याचेंच वजन वीस किलो होईल, म्हणून मेज भक्कम असावें.

भांडें गोल कां नसावें? प्राणवायु पाण्यांत शिरतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागांतून. आमच्या गोल भांड्याचा आंतील व्यास २४ सें.मी. होता. तें अर्धें भरलें तर पृष्ठभाग ३.१४ × १२ × १२, म्हणजे सुमारें ४५२ चौरस सें.मी. होतो. परंतु आम्हीं तें गळ्यापर्यंत भरलें होतें व गळ्याचा व्यास १० सें.मी. होता, तेव्हां पृष्ठभाग राहिला अवघा ७८.५ चौरस सें.मी. पाणी दुप्पट झालें, पण त्याचें श्वास घेण्याचें द्वार जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर आलें. वर सांगितलेल्या चौकोनी पात्राचा पृष्ठभाग १,००० चौरस सें.मी. आहे. भूमितीचा तास किती उपयोगी असतो हें येथें दिसून येईल.

कोणते मासे घ्यावे व कोणते टाळावे?

प्रथम टाळावयाचे. सोनेरी मासा रोहूच्याच कुळांतला आहे. नीट वाढल्यास तो वीतभर किंवा अधिक होतो व दहा वर्षांहून अधिक जगूं शकतो. भांड्याच्या मापानें मासा आपोआप लहान राहतो असें दुकानांत सांगतात. तें खरें नव्हे. तो लहान राहतो कारण दूषित पाण्यांत त्याची वाढ खुंटते. आसना नदींतून मुलें रोहू-कटल्याचीं पिलें धरून आणतात, तींहि ह्या पात्रांत ठेवूं नयेत. हे मासे हातहातभर लांब होणारे आहेत. काच चाटून साफ करणारा म्हणून सकर मासा विकतात; तो दीड फुटापर्यंत वाढतो आणि घाण कमी न करतां स्वतःची भर घालतो.

वीस लिटरांच्या पात्राला दोन निवडी मला योग्य वाटतात; दोहोंपैकीं एकच करावी.

पहिली निवड पांच नर गप्पींची. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागांतील व त्रिनिदाद बेटांतील. त्रिनिदादच्या लेचमीर गप्पी ह्या गृहस्थानें त्याचे नमुने लंडनच्या संग्रहालयास पाठविले, म्हणून १८६६ सालीं त्याचें नांव माशाला दिलें गेलें. नर तीन सें.मी.च्या आंतबाहेर व रंगीत शेपटीचा असतो; मादी मोठी व फिकट असते. आपल्याकडील काळ्या खडकांतील विहिरींचें जड पाणी ह्या माशाला चांगलें मानवतें. नरच कां घ्यावे? मादी अंडीं घालीत नाहीं, सुमारें चार आठवड्यांनीं जिवंत पिलें देते, आणि एका वेळीं तीं वीस-तीस असूं शकतात. शिवाय नरापासून दूर केल्यावरहि ती कित्येक महिने पिलें देत राहूं शकते. एका मादीमुळें सहा महिन्यांत वीस लिटरांची काय दशा होईल याचा हिशेब मुलांनींच करावा.

दुसरी निवड एकट्या लढाऊ माशाची, ज्याला दुकानदार बेट्टा म्हणतात. हा सियाम, म्हणजे आजच्या थायलंडकडचा. दोन नर एकत्र ठेविल्यास ते एकमेकांचीं अंगें फाडतात, म्हणून एकच ठेवावा. लांब शेपटीच्या गप्पींबरोबरहि ठेवूं नये. बाजारांत मरळ मासा ओल्या टोपलींत बराच वेळ जिवंत राहतो हें आपण पाहिलें असेल. तो हवेंतला प्राणवायु घेऊं शकतो. लढाऊ मासाहि वर येऊन हवा घेतो. त्यामुळें तो पेल्याएवढ्या पाण्यांत जगतो असा समज झाला आहे. परंतु हवा मिळाली म्हणून अमोनियाचें विष कांहीं कमी होत नाहीं. तुरुंगांत खिडकी आहे म्हणून तुरुंगाचें घर होत नाहीं.

आपल्याच देशांतला झेब्रा मासा सुंदर आहे. फ्रान्सिस हॅमिल्टननें गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथांत १८२२ सालीं त्याचें वर्णन केलें, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याचा अभ्यास होतो. परंतु तो सहा-सातांच्या थव्यानें सारखा धांवणारा प्राणी आहे. त्याला याच्या दुपटीहून मोठें व लांब पात्र पाहिजे.

दुकानांत मासा निवडतांना घाई करूं नये. ज्या पात्रांत एखादा मेलेला मासा दिसेल त्यांतील जिवंतहि घेऊं नये. पर पसरलेले, पोट न खपाटलेलें, अंगावर पांढरे ठिपके नसलेले व टाकलेलें अन्न चटकन् घेणारे मासे घ्यावे.

पूर्वतयारी

मासे आणण्यापूर्वीं पात्र चार ते सहा आठवडे तयार करावें, ह्या एका नियमांत सर्व आलें. धुतलेली जाड वाळू तळाशीं दोन बोटें पसरावी. हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया लावावी. पाणी भरून, आंत मासे आहेत असें समजून, रोज अगदीं थोडें माशांचें अन्न टाकावें. तें कुजून अमोनिया होतो, व त्यावर उपजीविका करणारे जीवाणू हळूहळू वाढतात. ज्याच्या पात्रांत मासे सुखानें नांदत आहेत अशा मित्राकडून ओंजळभर जुनी वाळू आणल्यास विरजण लावल्याप्रमाणें काम लवकर होतें. मिळत असेल तर लहान स्पंजाची गाळणी व हवेचा पंप बसवावा. जीवाणूंना घर व पाण्याला हवा दोन्ही मिळतात. नळाचें पाणी उघड्या बादलींत निदान एक दिवस ठेवून वापरावें किंवा क्लोरीन नाहींसें करणारे थेंब दुकानांतून आणून घालावे.

मासे घरीं आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटें पात्रांत तरंगत ठेवावी, म्हणजे उष्णता सारखी होते. मग पिशवींत पात्रांतील पाणी थोडें थोडें घालावें व शेवटीं जाळीनें मासा उचलून सोडावा. पिशवींतील पाणी आंत ओतूं नये.

नित्याची निगा

अन्न दिवसांतून एकदां किंवा दोनदां, दोन मिनिटांत संपेल एवढेंच द्यावें. आपल्याप्रमाणें माशाला शरीर उबदार राखण्यासाठीं अन्न जाळावें लागत नाहीं. म्हणून त्याची गरज आपल्या कल्पनेपेक्षां फार थोडी असते. पाव, भात, मुरमुरे देऊं नयेत. आठवड्यांतून एक दिवस उपास घडल्यास बरेंच होतें. माशाला आपली माया अन्नाच्या रूपानें दाखविण्याचा मोह मुलांनीं आवरावा. उपाशी मेलेल्या माशांपेक्षां अति अन्नानें मेलेले मासेच मीं अधिक पाहिले आहेत.

दर आठवड्यास चार-पांच लिटर पाणी रबरी नळीनें तळाचा गाळ ओढून काढावें व तितकेंच, तेवढ्याच उष्णतेचें, क्लोरीन गेलेलें पाणी घालावें. सर्व पाणी एकदम कधींहि बदलूं नये. गाळणी धुवावयाची ती काढलेल्या जुन्याच पाण्यांत, नळाखालीं नव्हे. पात्रांत साबणाचा हात घालूं नये. फवारणीसाठीं वापरलेली बादली कितीहि धुतली तरी ह्या कामाला घेऊं नये. घरांत डांस मारण्याचें औषध फवारतांना पात्र झांकावें व पंप बंद करावा. तीं औषधें बहुतेक अशीं असतात कीं अत्यल्प प्रमाणांतहि मासे मारतात.

मासे वर येऊन धापा टाकूं लागले, पर मिटून कोपऱ्यांत बसूं लागले, तर औषधाच्या दुकानाकडे धांवण्यापूर्वीं चौथा हिस्सा पाणी बदलावें. बहुतेक वेळां दुखणें पाण्याचें असतें, माशाचें नसतें.

आपल्याकडील मे महिना ही खरी कसोटी होय. पाणी तापतें तसा त्यांतील प्राणवायु कमी होतो. २० अंशांवर एका लिटरांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो, ३० अंशांवर सुमारें साडेसात, ३५ अंशांवर सुमारें सात. शिवाय तापलेल्या व जड पाण्यांत अमोनिया अधिक विषारी होतो. म्हणून पात्र घराच्या सर्वांत थंड खोलींत, उन्हापासून दूर ठेवावें. माठाप्रमाणें त्याच्या बाजूंस ओलें फडकें गुंडाळावें, व अन्न कमी करावें. बर्फ टाकूं नये. एकाएकीं झालेला बदल उन्हाळ्यापेक्षांहि वाईट. थंडींत रात्रीं पात्रावर झांकण व भोंवतीं जाड कापड असावें. लढाऊ माशाला तर लहानसा पाणी तापविणारा दांडा लागेल.

नदी हें माशांचें अनाथालय नव्हे

मासे नकोसे झाले कीं ते नदींत सोडून पुण्य जोडावें असें कित्येकांस वाटतें. ह्यासारखी दुसरी चूक नाहीं. टिलापिया नांवाचा आफ्रिकेंतील मासा १९५२ सालीं आपल्या देशांत आणला गेला. आज तो कितीतरी नद्या-तळ्यांत पसरून देशी माशांचा घांस हिरावून घेतो. लोकांनीं पाळलेला सकर मासा सोलापूर-पुणे जिल्ह्यांच्या सीमेवरील उजनी धरणांत कोळ्यांच्या जाळ्यांत येऊं लागला आहे. आसना व गोदावरी ह्यांत परके मासे सोडूं नयेत. नको असलेले मासे दुकानदारास परत द्यावे किंवा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावे.

गप्पीविषयीं मात्र एक विशेष सांगावयाचें आहे. आपला नांदेड जिल्हा १९४८ पर्यंत ज्या निजामी संस्थानांत होता त्याच संस्थानांतील सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस ह्यांस २० ऑगस्ट १८९७ रोजीं डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु सांपडले. डांसाचें बाळपण पाण्यांत जातें व गप्पी त्याच्या अळ्या खातो. म्हणून आरोग्य खात्याचे कर्मचारी साठलेल्या पाण्याच्या टांक्यांत गप्पी सोडतात. बंदिस्त टांक्यांत तो उपकारी आहे. वाहत्या नदींत तोच परका आहे. जागा बदलली कीं गुणाचा दोष होतो.

शेवटची गोष्ट

आज विज्ञानखोलींत वीस लिटरांचें पात्र आहे व त्यांत पांच नर गप्पी आहेत. दर शनिवारीं दोन विद्यार्थी पांच लिटर पाणी काढून केळीला घालतात व तारीख वहींत लिहितात. अन्न घालणारा एकच असतो. मधल्या सुट्टींत कोणी चुरा टाकीत नाहीं.

पालकांना माझी एक विनंति आहे. मुलाच्या वाढदिवशीं मासे आणण्यापूर्वीं त्याला विचारावें कीं, पाणी कोण बदलील आणि दिवाळींत आपण गांवीं गेलों तर काय करावें? (निरोगी मोठे मासे चार-पांच दिवस अन्नावांचून सहज राहतात, शेजाऱ्यास डबा देऊन जाण्यापेक्षां तें बरें.) ह्या प्रश्नांचें उत्तर मिळेपर्यंत रिकामें पात्र तयार होऊं द्यावें. सहा आठवडे रिकाम्या पात्राची निगा जो मुलगा राखील त्याच्या हातीं मासे द्यावयास हरकत नाहीं.

पवित्र शास्त्राच्या आरंभींच मनुष्याला समुद्रांतील माशांवर सत्ता दिल्याचें आपण वाचतों. लहानपणीं मला वाटे, सत्ता म्हणजे वाटेल तें करण्याची मुभा. त्या तीन माशांनीं मला तिचा दुसरा अर्थ शिकविला. नदींतल्या माशाला पाणी देव देतो. काचेंतल्या माशाला पाणी आपण देतों. तें बिघडलें तर त्याला दुसरीकडे जाण्यास वाट नाहीं. जेथें आपल्यावांचून दुसऱ्याला आधार नाहीं तेथें सत्ता म्हणजे कारभारीपण, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो.

विद्यार्थ्यांसाठीं अभ्यास

१. आपल्या घरांतील एखाद्या पात्राची लांबी, रुंदी व पाण्याची खोली मोजून तें किती लिटरांचें आहे तें काढा.

२. सारख्या आकाराच्या दोन बरण्यांत हायड्रिला ठेवा. एक उजेडांत व एक अंधारांत. कोणत्या बरणींत बुडबुडे दिसतात व कां, तें लिहा.

३. गाळणी नळाखालीं कां धुवूं नये, हें आपल्या धाकट्या भावंडाला समजेल अशा पांच वाक्यांत सांगा.